वंशावळ आणि कसोटी

कुत्रा पाळावयाचें मनांत आलें म्हणजे सुशिक्षित गृहस्थ पहिली चौकशी करतो ती जातीची, आणि दुसरी करतो ती कागदाची. पिलाच्या आईबापांचीं व आजापणजांचीं नांवें लिहिलेला एक चकचकीत कागद हातांत पडला कीं त्याचें समाधान होतें. हे पूर्वज शुद्ध जातीचे होते एवढें तो कागद सांगतो. ते भित्रे होते कीं धीट, चटकन् शिकत होते कीं नाहीं, दिवसभर श्रम करून संध्याकाळीं ताठ उभे राहत कीं लंगडत, यांविषयीं मात्र तो मौन धरतो. वंशावळीला कर्तृत्वाची जोड नसली तर ‘नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण कुत्र्यांच्या बाबतींतही खरी ठरते. हें कर्तृत्व मोजावयाचें कसें, आणि तें मोजण्याच्या मार्गांत कोणत्या अडचणी आहेत, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. त्याच्या उत्तरावर जन्मास येणाऱ्या पिलांचें दहाबारा वर्षांचें सुखदुःख अवलंबून असतें.

ज्या कुत्र्यांकडून मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या काम घेत आला, त्यांची पैदास पूर्वीं कागदावरून होत नसे. कळप नीट वळवील त्याच कुत्र्याची संतति मेंढपाळ ठेवी; जो मेंढरांना चावे किंवा त्यांना भिऊन पळे त्याचा वंश तेथेंच थांबे. सोनार सोन्याचा कस दगडावर घासून पाहतो, तसें रोजचें काम हाच कुत्र्याचा कसोटीचा दगड होता. पुढें या कसोटीला सार्वजनिक रूप आलें. वेल्स प्रांतांतील बाला या गांवीं १८७३ सालीं मेंढपाळी कुत्र्यांची एक चढाओढ भरली. ब्रिटनमधील अशा चढाओढींत तीच पहिली म्हणून नोंदली गेली आहे. ती जेम्स थॉमसन नांवाच्या एका स्कॉच मेंढपाळाच्या ट्वीड या कुत्र्यानें जिंकली. १९०६ सालीं आंतरराष्ट्रीय मेंढपाळी श्वान संस्था स्थापन झाली. १८९३ सालीं नॉर्थंबरलंडमध्यें ॲडम टेल्फर यांच्या घरीं जन्मलेला हेंप हा कुत्रा आजच्या बहुतेक बॉर्डर कोली कुत्र्यांचा मूळपुरुष मानला जातो, तो त्याच्या रूपामुळें नव्हे. त्याच्या शांत, नजरेनेंच मेंढ्या वळविणाऱ्या कामामुळें. या संस्थेची एक चाल फार बोलकी आहे. ज्याच्या आईबापांची नोंद नाहीं अशा कुत्र्यासही, त्यानें काम करून दाखविलें आणि आरोग्याच्या तपासण्या पार पाडल्या, तर वंशनोंदींत प्रवेश मिळूं शकतो. म्हणजे तेथें कागद कामाच्या मागून चालतो.

जर्मनींत हाच विचार निराळ्या वाटेनें गेला. माक्स फॉन स्टेफानिट्स या घोडदळांतील अधिकाऱ्यानें १८९९ सालच्या एप्रिल महिन्यांत कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनांत एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, तत्काळ विकत घेतला आणि त्याचें नांव होरांड फॉन ग्राफ्राथ असें ठेवलें. त्याच महिन्यांत जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था निघाली आणि होरांडची नोंद तिच्या वंशावळींत पहिल्या क्रमांकावर झाली. आपल्याकडे जुनी मंडळी ज्याला अल्सेशियन म्हणत आलीं तीच ही जात. स्टेफानिट्स यांचा आग्रह असा कीं, कुत्रा कामास उपयोगी पडला तरच तो सुंदर. परंतु कारखाने आणि रेल्वे यांच्या युगांत मेंढरांचे कळप कमी होऊं लागले. काम गेलें तर कसोटीही जाणार. म्हणून त्यांनीं पोलीस आणि सैन्य यांच्याकडे या कुत्र्यास वळविलें. आणि जें काम पूर्वीं कुरणावर आपोआप घडे, त्याच्या जागीं ठरवून घेतलेली परीक्षा आली.

ती परीक्षा ‘शुट्सहुंड’ या जर्मन नांवानें प्रसिद्ध झाली. २०१९ पासून तिचें आंतरराष्ट्रीय नांव आय्‌जीपी असें आहे. तिचे तीन भाग. पहिल्यांत मनुष्याच्या पावलांचा माग जमिनीवर नाक ठेवून काढावयाचा आणि वाटेंत पडलेल्या वस्तु दाखवावयाच्या. दुसऱ्यांत आज्ञापालन: मालकाच्या डाव्या पायाशीं चालणें, बसणें, पडून राहणें, उडी मारून वस्तु आणणें, गोळीचा आवाज झाला तरी न बिचकणें. तिसऱ्यांत संरक्षण: लपलेल्या मनुष्यास शोधून भुंकणें, तो अंगावर आला तर त्याच्या हातावरील जाड बाहीस घट्ट धरणें, आणि सर्वांत कठीण म्हणजे एका शब्दासरशी सोडून देणें. प्रत्येक भागास १०० गुण, एकूण ३००, आणि उत्तीर्ण होण्यास प्रत्येक भागांत निदान ७० गुण हवेत. याखेरीज सायकलच्या बाजूनें २० किलोमीटर दुडक्या चालीनें धांवण्याची एक सहनशीलतेची परीक्षा असते. हें सर्व पार पडून खुब्याच्या सांध्यांचें क्ष-किरण छायाचित्र निर्दोष ठरलें, म्हणजे पैदाशीसाठीं निवड करणाऱ्या परीक्षकापुढें कुत्र्यास उभें करतां येतें. ही रचना इतकी विचारपूर्वक आहे कीं, ती पाहून मनुष्यास वाटावें, आतां फसवणुकीस जागाच उरली नाहीं. परंतु अनुभव असा नाहीं.

पहिली अडचण काळाची. पहिल्या पदवीसाठींच कुत्रा निदान दीड वर्षाचा असावा लागतो. तिसऱ्या पदवीपर्यंत बहुधा दोनतीन वर्षें जातात. या काळांत आठवड्यांतून अनेक दिवस, पावसांत व थंडींत, पहांटे माग काढावयास आणि संध्याकाळीं मैदानावर जावें लागतें. पैदास करणारा मनुष्य बहुधा नोकरीधंदा सांभाळून हें करीत असतो. मादीच्या बाबतींत हा पेंच अधिक अवघड. गर्भारपण सुमारें ६३ दिवसांचें, त्यानंतर पिलांचें दूध. म्हणजे एका वेतामागें शिक्षणाचे चार महिने जातात. पदवीची वाट पाहत बसावें तर प्रजननाचीं उत्तम वर्षें निसटतात, आणि वेत आधीं घ्यावें तर कसोटी मागें पडते. पुष्कळ ठिकाणीं मादीची परीक्षा यामुळें नांवापुरतीच होते; आणि पिलांना अर्धा वारसा आईकडून मिळतो हें मात्र सर्वजण विसरतात.

दुसरी अडचण माणसांची. संरक्षणाच्या शिक्षणांत जो जाड बाही घालून कुत्र्यासमोर उभा राहतो, त्याच्या हातीं कुत्र्याचा सारा आत्मविश्वास असतो. कोवळ्या कुत्र्यावर अकालीं दडपण आणलें तर तो जन्माचा भित्रा होतो. फार सवलत दिली तर त्यास बाहीचा खेळ तेवढा कळतो आणि माणसाची पारख कळत नाहीं. असा जाणता साहाय्यक गांवोगांवीं मिळत नाहीं. त्यासाठीं दूरचा प्रवास, शिक्षकाची फी आणि परीक्षेचा खर्च हीं सर्व ओझीं पैदास करणाऱ्यावर पडतात. ज्यास हें परवडत नाहीं त्याचा उत्तम कुत्रा पदवीवांचून राहतो. ज्यास परवडतें तो शिक्षकास पैसे देऊन आपल्या सामान्य कुत्र्यास पदवी मिळवून देतो.

येथेंच तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण उभी राहते. परीक्षा नक्की कोणाची होते, कुत्र्याची कीं शिक्षकाची? कुशल शिक्षक हजारदां तेंच मैदान, तेच आडोसे आणि तोच क्रम गिरवून घेतो, तेव्हां मूळच्या उणिवा झांकल्या जातात; पाठांतरावर उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यासारखी कुत्र्याची स्थिति होते. कठोर साधनें वापरून मिळविलेली शिस्तही अशीच फसवी. जर्मनींत १ जानेवारी २०२२ पासून शिक्षणांत कांटेरी पट्टा वापरण्यास कायद्यानें बंदी झाली. भूतदयेच्या दृष्टीनें ती योग्य आहेच; पैदाशीच्या दृष्टीनेंही ती हिताची ठरावी. वेदनेच्या धाकानें जें काम झालें, त्यावरून पिलांना काय मिळणार याचा अंदाज करतां येत नाहीं. शिकविलेलें वंशांत उतरत नाहीं. शिकण्याची उमेद आणि मनाचा तोल तेवढा उतरतो. म्हणून जाणता परीक्षक गुणपत्रकाबरोबर आणखीही पाहतो: अनोळखी जागीं कुत्रा कसा वागतो, चूक झाल्यावर किती लवकर सांवरतो, आणि काम संपल्यावर गर्दींत लहान मुलांमधून शांतपणें चालतो कीं नाहीं.

चौथी अडचण यशांतून जन्मते. एकादा नर मोठी स्पर्धा जिंकतो, आणि सारे लोक आपल्या माद्या त्याच्याकडेच घेऊन धांवतात. १९२५ सालीं स्टेफानिट्स यांनीं क्लोडो फॉम बॉक्सबेर्ग या नरास सर्वश्रेष्ठ ठरविलें. जात फार उंच व आंखूड होत चालली होती, ती पुन्हा ठेंगणी व लांबट व्हावी हा त्यांचा हेतु होता. निवड सकारण होती. परंतु एकाच रक्ताकडे सर्वांनीं वळावें, याचा परिणाम असा होतो कीं, त्या नराचे गुण जसे पसरतात तसे त्याचे दडलेले दोषही पसरतात. दोनतीन पिढ्यांनीं आईकडून आणि बापाकडून तोच दोष एकत्र आला म्हणजे तो प्रकट होतो, आणि तोंपर्यंत त्यापासून मुक्त असें रक्त शोधणें कठीण होऊन बसतें.

पांचवी अडचण अशी कीं, पदवी शरीराच्या सर्व व्याधी सांगत नाहीं. खुब्याचे सांधे सैल असण्याचा विकार अंशतः वंशागत आहे आणि तो क्ष-किरणांनीं दिसतो. परंतु अमेरिकेंत १९६६ सालीं स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था सांध्यांचा अंतिम निर्णय कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच देते. मागचे पाय हळूहळू लुळे करणारा मज्जारज्जूचा एक विकार तर बहुधा आठ वर्षांच्या पुढें डोकें वर काढतो. तोंवर पदवीधर कुत्र्याचीं पिलें आणि पिलांचीं पिलें घरोघर पोंचलेलीं असतात. या विकाराशीं निगडित असलेला जनुकांतील बदल २००९ सालीं उघडकीस आला, आणि आतां रक्ताची किंवा लाळेची तपासणी करून दोन वाहकांची गांठ टाळतां येते. ज्ञान उपलब्ध असून तें न वापरणें, यास अडचण म्हणतां येणार नाहीं. ती हयगय होय.

मग एवढा खटाटोप न करतां पिलांतूनच हुशार पिलू ओळखतां येणार नाहीं काय? स्वीडनमध्यें विल्सन व सुंडग्रेन या संशोधकांनीं आठ आठवड्यांच्या पिलांची चाचणी घेऊन पुढें तींच कुत्रीं मोठेपणीं पाहिलीं. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, पिलाच्या त्या चाचणीवरून मोठेपणींची कार्यक्षमता ओळखतां येत नाहीं. याउलट अमेरिकेंत स्कॉट व फुलर यांनीं अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९६५ सालीं दाखवून दिलें कीं, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत माणसांचा सहवास जसा घडेल त्याचा ठसा स्वभावावर उमटतो. या दोहोंचा अर्थ एकच होतो. पारख करावयाची ती वाढलेल्या आईबापांची आणि भावंडांची. आणि पिलांच्या बाबतींत पैदास करणाऱ्याचें कर्तव्य परीक्षेचें नसून संगोपनाचें आहे. अंधाऱ्या खोलींत वाढलेलें पिलू श्रेष्ठ पदवीधराचें असलें तरी तें रस्त्यावरील रिक्षास भिणारच.

हा विचार केवळ परदेशापुरता नाहीं. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या पठारावर कारवानी अथवा मुधोळ या नांवानें ओळखला जाणारा सडपातळ, लांब पायांचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या मागें धांवून निवडला गेला. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि त्या शिकारीस मज्जाव आला. वन्य प्राण्यांच्या हिताचाच तो कायदा आहे. पण त्यामुळें या कुत्र्याचा कसोटीचा दगड हरपला. २०१६ सालीं मुधोळचीं कांहीं पिलें मेरठ येथील लष्करी केंद्रांत शिक्षणासाठीं नेण्यांत आलीं, हा नवी कसोटी शोधण्याचाच एक प्रयत्न होता. स्टेफानिट्स यांच्यापुढें कुरणें ओस पडतांना जो प्रश्न उभा राहिला, तोच आज कारवानीच्या चाहत्यांपुढें आहे. जुनें काम गेल्यावर नवें, कायदेशीर आणि त्याच्या अंगच्या वेगास साजेसें काम दिलें नाहीं, तर ही जात प्रदर्शनांतील बाहुली होऊन राहील.

तात्पर्य, पदवी हा शेवटचा शब्द नव्हे, आणि ती निरर्थकही नव्हे. अनेक साक्षीदारांपैकीं ती एक साक्षीदार आहे, आणि तिची उलटतपासणी करण्याचा अधिकार पिलू घेणाऱ्या गृहस्थास आहे. आईबापांची परीक्षा झाली काय? शिक्षण मालकानें स्वतः दिलें कीं दुसऱ्यानें? सांध्यांचीं छायाचित्रें कोठें आहेत? आजीआजोबा किती वर्षें जगले आणि कशानें गेले? आईस जवळून पाहतां येईल काय? आणि पिलू घरांत नांदलें नाहीं तर तें परत घेतलें जाईल काय? हे प्रश्न ऐकून जो रागावतो त्याच्याकडून पिलू घेऊं नये. जो उलट विचारतो, ‘तुमचें घर केवढें, तुम्ही दिवसांतून किती वेळ चालतां, घरांत लहान मुलें आहेत काय?’ त्याच्याकडून अवश्य घ्यावें. कदाचित् तो असेंही म्हणेल कीं, दिवसभर काम मागणाऱ्या या कुळांतील पिलू तुमच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत सुखी होणार नाहीं. तें ऐकून वाईट वाटलें तरी त्या मनुष्यास धन्यवाद द्यावे. कारण विक्री सोडून पिलाचें हित पाहणारा पैदासकार तोच होय.