रेंजमधली वाट आणि आपली गाडी

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

शेतात असाल, गोठ्यात असाल नाहीतर चुलीपुढं, जिथं असाल तिथून ऐका. आज मी रेंजमधल्या वाटेबद्दल बोलणार आहे.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बायांना रेंज म्हणजे काय हे सांगायला नको. नगरला लष्कराचं रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. खारेकर्जुने गावाकडच्या ज्या माळावर रणगाडे गोळे डागायचा सराव करतात, त्याला आपण के. के. रेंज म्हणतो. तिकडं नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. तिथल्या बायांनाही तोफेचा आवाज ओळखीचा आहे. फळीवरची भांडी वाजतात, लेकरं दचकतात, पण आपली कामं काही थांबत नाहीत. बाजार आहे, गुरं आहेत, माहेर आहे. आणि बऱ्याच वाटा त्या माळावरूनच जातात.

आमचं गाव असंच रेंजच्या कडेचं. आम्ही अकरा जणींच्या गटानं भाजी बाजारात न्यायला जुना पिकअप घेतला. डांबरी सडकेनं बाजार लांब पडतो, माळावरच्या गाडीवाटेनं निम्म्याहून जवळ. डिझेल वाचतं म्हणून आम्ही माळावरून जायला लागलो. कुणाला काही विचारलं नाही. पूर्वी बैलगाड्या जायच्या, मग आपण का नाही, एवढाच विचार.

एकदा येताना दिवस मावळला आणि गाडी चाकोरीत बसली. चाकोरी रणगाड्याची होती. मैत्रिणींनो, रणगाडा चाळीस टनांच्या वर वजनाचा आणि जवळजवळ बारा फूट रुंद असतो. आपला पिकअप त्याच्या निम्म्या रुंदीचा. त्यामुळं आपली दोन्ही बाजूंची चाकं त्या चाकोरीत बसतच नाहीत. एक बाजू खाली जाते, गाडी कलंडते, पोट जमिनीला टेकतं. काळ्या रानात, पाऊस पडून गेल्यावर तर बघायलाच नको.

आता अडकलेल्या गाडीला आपण काय करतो? चाकाखाली दगड घालतो. आमची एक जण दगड शोधायला बाजूला गेली. अंधुक उजेडात मातीतून काहीतरी वर आलेलं दिसलं, तिनं हात पुढं केला. गाडीत मागं बसलेली तिची सासू ओरडली, “हात लावू नको! मागं फिर!” तो दगड नव्हता. गंजलेलं लोखंड होतं, मागच्या बाजूला पाती असलेलं. न फुटलेला गोळा. म्हातारीनं आयुष्य या माळाच्या कडेला काढलंय, तिला एका नजरेत कळलं.

त्या रात्री आम्ही गाडी तिथंच सोडून, आल्या चाकोरीतूनच पाय टाकत घरी आलो. दुसऱ्या दिवशी पोलीसपाटलांमार्फत कळवलं. पण ती रात्र डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या बैठकीत ठरलं, की आता वाट आधी ठरवायची आणि मगच गाडी काढायची. कशी ठरवली ते सांगते. त्यात तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, जमीन कुणाची? रेंज म्हणजे सगळी एकसारखी जमीन नाही. काही जमीन संरक्षण खात्यानं संपादन केलेली असते, तिच्यावर फलक असतात. तिथं परवानगीशिवाय पाऊलसुद्धा टाकायचं नाही, मग फायरिंग असो नसो. दुसरी जमीन नुसती अधिसूचित असते. ती मालकीनं शेतकऱ्याचीच राहते, सात-बाऱ्यावर आपलंच नाव असतं. पण मैदानी गोळीबार आणि तोफखान्याच्या सरावाबद्दलचा १९३८ सालचा कायदा आहे, त्याखाली सरकार ती सरावासाठी जाहीर करतं. सराव चालू असताना त्यातला धोक्याचा पट्टा जिल्हाधिकारी माणसांना आणि जनावरांना बंद करू शकतात. सराव नसताना तिथं शेती चालते आणि वाटाही चालतात.

वाट कायदेशीर आहे का, हे बघायला गावनकाशा लागतो. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं. आम्ही ज्या वाटेनं गाडी नेत होतो, तिचा निम्मा भाग नकाशात नव्हताच. तो रणगाड्यांनीच पाडलेला मार्ग होता! रुंद दिसतो म्हणून आपण त्याला रस्ता समजलो.

दुसरा प्रश्न, आज वाट खुली आहे का? फायरिंगच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतात, दवंडी होते, तलाठ्याकडं नाहीतर पोलीसपाटलांकडं कळतात. आमच्या गटात एका मैत्रिणीकडं हे काम दिलंय. ती तारखा वहीत लिहिते आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकते. तारीख कळली नसेल तर गाडी सडकेनंच जाते. लाल निशाण दिसलं तर तिथूनच परत फिरायचं. आवाज थांबला म्हणून आत शिरायचं नाही. मध्ये तासभर शांतता असते आणि पुन्हा सुरू होतं. आणि आपण टेकडीआड आहोत, आपल्याला काय होतंय, असंही म्हणायचं नाही. गोळा लक्ष्यावर आपटून उसळी मारतो.

ती वही आणखी एका कामाची आहे. बंदीमुळं पिकाचं नुकसान झालं, मजुरी बुडाली, तर त्याच कायद्यात भरपाईची तरतूद आहे. मागायला गेलं की विचारतात, कोणत्या तारखा, किती दिवस? ज्या बाईच्या वहीत तारीख आहे, तिचं बोलणं ऐकलं जातं.

तिसरा प्रश्न, चाकाखाली काय आहे? यासाठी आम्ही शाळेच्या पटांगणात रांगोळीनं शिवाराचा नकाशा काढला. म्हाताऱ्या बायकांना पुढं बसवलं. कोणता ओढा कधी भरतो, कुठं काळी माती, कुठं मुरूम, पूर्वी कुठं गोळे सापडले, हे त्यांना जितकं ठाऊक तितकं कुणालाच नाही. मग वाटांना रंग दिले. हिरवी वाट कोणत्याही दिवशी चालेल. पिवळी फक्त फायरिंग नसताना, कोरड्यात आणि उजेडात. लाल वाटेनं कधीच नाही. नंतर तो नकाशा कागदावर उतरवून गावनकाशाशी ताडून पाहिला. एक प्रत गाडीत असते, एक अंगणवाडीत लावली आहे.

गाडीत आता दोन फळ्या आणि चार जुनी गोणपाटं कायम असतात. गाडी अडकली तर तेच चाकाखाली घालायचं. माळावरचा दगड उचलायचा नाही, खोरं चालवायचं नाही, वाट सोडून गाडी वळवायची नाही. काही लोखंडी दिसलं तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही. आल्या वाटेनं मागं फिरायचं, जागा लक्षात ठेवायची आणि ११२ नंबरला किंवा पोलीसपाटलांना कळवायचं. आणि बायांनो, भंगाराच्या पैशासाठी पोरं माळावर जात असतील तर आजच अडवा. किलोला मिळतील तेवढ्या पैशांत लेकराचा हात परत येत नाही.

ही काळजी जगात दुसरीकडंही घेतात. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी प्लेन नावाचा लष्कराचा मोठा माळ आहे. तिथं हौशी लोक जीपगाड्या घेऊन कच्च्या वाटांनी फिरतात. तेसुद्धा निघण्याआधी नकाशात गाडीवाटेची नोंद बघतात, लष्करानं आधी जाहीर केलेल्या फायरिंगच्या वेळा बघतात, आणि लाल निशाण दिसलं की थांबतात. त्याच माळावर इम्बर नावाचं गाव होतं. १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, गावकऱ्यांना ४७ दिवसांत घरं सोडायला सांगितली. ते परत कधीच राहायला येऊ शकले नाहीत. आजही तिथला रस्ता वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांना खुला होतो. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, जमिनीचं आणि वाटेचं कागदावर काय लिहिलंय, हे बायकांनाही माहीत पाहिजे.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही नकाशा काढत होतो तेव्हा एका सुनेनं विचारलं, “फायरिंगच्या दिवशी माझे दिवस भरले तर मला कुठून नेणार?” सगळ्या गप्प झाल्या. आम्ही फक्त भाजीचा विचार केला होता. मग त्याच दिवशी दवाखान्याची हिरवी वाट ठरवली. ती लांबची आहे, पण बारमाही आहे. १०८ च्या गाडीनं कोणत्या फाट्यावर यायचं, तिथवर बाईला कुणी आणायचं, रात्री फोन कुणाला करायचा, हे नकाशाच्या कागदावरच लिहिलं. नववा महिना लागला की त्या घरी जाऊन आम्ही तो कागद वाचून दाखवतो.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. रांगोळी घ्या, म्हाताऱ्या बायांना बोलवा आणि पहिली वाट दवाखान्याची काढा. बाजाराची नंतर.