थोड्या पैशांत स्टॉकहोम

श्रोतेहो, वराळ्याचा एखादा तरुण उद्या एकटाच, बेताच्या पैशांनिशी स्वीडनची राजधानी पाहायला निघाला, तर त्याचा निभाव लागेल का? शहर महाग खरे. पण तीन दिवस सहज निघतात.

उतरायला 'आफ चापमान' हे जहाज आहे. १८८८ साली बांधलेल्या या शिडाच्या जहाजाचे १९४९ साली युवक-वसतिगृह झाले. वसतिगृहात स्वतः डाळभात रांधला की हॉटेलचा खर्च वाचतो. जुने शहर पायीच पाहावे. भुयारी रेल्वेच्या एका तिकिटावर ७५ मिनिटे फिरता येते, आणि शंभरांपैकी नव्वदांहून अधिक स्थानकांत चित्रे-शिल्पे आहेत. मात्र कार्ड जवळ हवे. पुष्कळ दुकाने रोख घेत नाहीत.

पाणी तर विकत घ्यायचेच नाही. नळाला मेलारेन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी येते. एके काळी सांडपाण्याने शहरातले पाणी पोहण्याजोगेही उरले नव्हते. मग सांडपाणी शुद्ध करूनच सोडू लागले. आज भर शहरात लोक पोहतात.

गुरुजी, मुलांना नकाशावर स्टॉकहोम दाखवाल, तेव्हा एवढे अवश्य सांगा. आपली इंद्रायणी आळंदीला फेसाळते. पण बिघडलेले पाणी सुधारता येते, हे त्या शहराने करून दाखवले आहे.