घरकुल मंजूर, पण जागा कुठे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्हांला घरकुलावर बोलायला सांगितले आहे. आम्ही तीन-चारजण गेली काही वर्षे याच विहाराच्या ओसरीत बसून शेतमजुरांचे अर्ज भरतो. तेव्हा विद्वत्तेचे काही नाही, जे पाहिले तेच सांगतो.

सुरुवात किल्लारीपासूनच करावी लागेल. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात कोण विसरेल? गणपती बोळवून लोक निजले होते. माळवदाची घरे, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड छत. ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले. 8,000 च्या आसपास माणसे गेली. आणि उलटी गोष्ट बघा, कुडाच्या, पाचटाच्या झोपड्या बऱ्याच जागी उभ्या राहिल्या. म्हणून झोपडी बरी, असा अर्थ कुणी काढू नये. ती पावसात गळते, उन्हाळ्यात एका ठिणगीने जळते, सापाविंचवाचे तर विचारूच नका. अर्थ एवढाच, की भिंत जाड म्हणजे घर मजबूत नव्हे.

पुढे पुनर्वसन झाले. 52 गावे नव्या जागी वसली. पण कुणाला केवढे घर द्यायचे ते जमिनीवरून ठरले. 250, 400 आणि 750 चौरस फूट असे तीन प्रकार होते. मोठ्या शेतकऱ्याला 750, भूमिहीन मजुराला 250. भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता, पुनर्वसनाने पाहिला. तरी एक कबूल केले पाहिजे, तिथे भूमिहीनालाही घराखालची जागा मिळाली. आज आमचे घोडे नेमके इथेच अडते.

पंतप्रधान आवास योजना आहे, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे. घर 269 चौरस फुटांचे. 2016 साली केंद्राने सपाट भागासाठी 1,20,000 रुपये ठरवले. तेवढ्यात घर होते का, हा वाद वेगळा. पण पुढचे हप्ते हातात पडायला आधी पाया पाहिजे, आणि पाया खणायला स्वतःच्या नावाची जागा पाहिजे!

आमच्याकडे एक आजी येतात. त्या आणि त्यांचे मालक, दोघांनी चाळीस वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपले. आजींचे नाव यादीत आले, सगळ्या वस्तीने पेढे खाल्ले. झोपडी गायरानात, नमुना नंबर 8 ला नोंद नाही. ग्रामपंचायतीत सांगितले, जागेचा उतारा आणा. आजी आमच्यासमोर बसून म्हणाल्या, "लेकरांनो, घर मंजूर हाय म्हनत्यात, मग बांधू कुठं? डोक्यावर?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

जागा घेण्यासाठी शासनाची मदत आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची. 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पूर्वी 50,000 रुपये मिळत, अलीकडे 1 लाख झाले. चांगली गोष्ट आहे. पण 500 फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. एवढ्याशा तुकड्याचे खरेदीखत तुकडेबंदीच्या कायद्यात बसत नसे. घरकुलासाठी आता त्यात सवलत आली आहे, ही माहिती वस्तीवस्तीत पोचली पाहिजे. आणि कायदा सुटला तरी माणूस सुटत नाही. आजींसाठी आम्ही गावालगत जागा बघितली. मालकाने भाव सांगितला, चहा पाजला, बोलता बोलता आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी भाव दुप्पट. तोंडाने कुणी काही बोलले नाही!

ऊसतोडीला जाणाऱ्यांचे आणखी निराळे. दसरा-दिवाळीनंतर माणसे कोयता घेऊन निघतात, कारखान्याच्या रानात कोपी घालून राहतात. पाहणीला माणूस येतो तेव्हा दाराला कुलूप. मग यादीत नाव नाही. एकाच वस्तीत अशी कितीतरी घरे आम्ही मोजली.

आजींना शेवटी जागा मिळाली. त्यांच्याच भाच्याने अंगणातला तुकडा बक्षीसपत्राने दिला. पाया झाला, भिंती चढल्या. खिडकीच्या वर चारी भिंतींवरून सळईचा काँक्रीटचा पट्टा फिरवायचा होता, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "एवढ्याशा घराला कशाला? सळई वाचंल." आम्ही काम थांबवले. हा पट्टा चार भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. किल्लारीला भिंती कोपऱ्यातून सुटल्या आणि बाहेर पडल्या, हे आम्ही त्याला समजावले. कमी पडलेल्या सळईचे पैसे वस्तीने वर्गणी करून दिले. पट्टा झाला, आता पत्रे राहिलेत.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही ओसरीत बसणार आहोत. ज्यांचे नाव यादीत आहे त्यांनी आधार कार्ड, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला आणि घरपट्टीची जुनी पावती असेल तर ती घेऊन यावे. गायरानात किती वर्षांपासून राहता याचा वीजबिल, मतदार यादी असा कसलाही पुरावा असला, तर तोही आणा. फाटका असला तरी चालेल. आणि जे ऊसतोडीला जाणार आहेत, त्यांनी निघण्याआधी आपली कागदे आमच्याकडे ठेवून जावीत. जयभीम!