रुग्णाच्या हातातला उपचार

(डायलिसिस परिचर्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



या परिषदेचं अध्यक्षपद आपण एका परिचारिकेकडे सोपवलंत, याबद्दल मी संयोजकांची मनापासून ऋणी आहे. या निमित्ताने एकच विषय मांडायचं मी ठरवलं आहे. करोनाच्या साथीत आपल्या रुग्णांनी स्वतःची काळजी कशी घेतली, ती काहींना जमली आणि काहींना का जमली नाही, आणि त्यात आपला वाटा किती होता, हा तो विषय.

सुरुवात आठवड्याच्या हिशेबाने करते. हेमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा व्हावं, असं शास्त्र सांगतं. आपल्याकडे खर्च, अंतर आणि मशीनची संख्या पाहता अनेकांना दोनदाच जमतं. म्हणजे आठवड्याच्या 168 तासांपैकी आठ तास रुग्ण आपल्या नजरेखाली असतो आणि 160 तास त्याचा तो असतो. तहान लागली तर किती घोट घ्यायचे, जेवणाबरोबरची गोळी आठवणीने घ्यायची की नाही, पायावर सूज दिसली तर फोन करायचा की उद्यावर ढकलायचं, हे सगळं त्या 160 तासांत ठरतं आणि ते रुग्णच ठरवतो. मशीन आठ तासांत जे काढून टाकतं, ते किती साचू द्यायचं हे रुग्णाच्या हातात असतं. निम्म्याहून अधिक उपचार घरातच होतो, हे साथीच्या आधीही खरं होतं. साथीने ते लपवायला जागा ठेवली नाही.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. घराबाहेर पडू नका, हे सगळ्या देशाला सांगितलं गेलं. डायलिसिसच्या रुग्णाला ते पाळणं शक्यच नव्हतं. घरी बसला तर अंगात पाणी आणि पोटॅशियम साचून जीव धोक्यात, बाहेर पडला तर ज्या विषाणूशी लढायला त्याचं शरीर सर्वांत दुबळं, त्याच्याशी गाठ, आणि तीही एका बंद हॉलमध्ये, शेजारच्या खुर्चीपासून हाताभर अंतरावर चार तास बसून. एसटी थांबली, रिक्षा थांबल्या. मुंबईची लोकल मार्चमध्ये बंद झाली आणि 15 जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. डायलिसिसची फाइल नाक्यावर पोलिसांना दाखवत माणसं दुचाकीवरून तालुक्याहून जिल्ह्याला आली. एखाद्या कक्षात एक रुग्ण बाधित निघाला की कक्ष बंद, आणि तिथल्या बाकीच्या रुग्णांना दुसरीकडे कुणी घ्यायला तयार नाही, असंही झालं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्ये डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अत्यावश्यक सेवांत त्याचा स्पष्ट उल्लेख केला. पण कागद आणि खुर्ची यांच्यामधले दिवस रुग्णांनी आपापल्या बळावर काढले.

देशातल्या 19 मोठ्या रुग्णालयांमधली पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी 710 जणांचं निदान एक डायलिसिस चुकलं होतं. 104 जण येईनासे झाले होते. डायलिसिस चुकणं म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. आठवड्यात एरवी पडणाऱ्या दोन दिवसांच्या खंडानंतरही मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण वाढतं, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून 2011 मध्येच पुढे आलं होतं. इथे तर खंड चार-पाच दिवसांवर आणि काही वेळा आठवड्यावर गेला.

त्या दिवसांत स्वतःची काळजी म्हणजे नेमकं काय होतं? रोज सकाळी वजन करणं, कारण एक किलो वाढ म्हणजे अंगात एक लिटर पाणी. लोणचं, पापड, फरसाण बंद करणं, कारण मीठ गेलं की तहान येते आणि तहानेमागून पाणी येतं. बटाटा, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातावर केलेल्या रक्तवाहिनीच्या जोडावर, रोज बोटं ठेवून थरथर लागते का ते पाहणं, त्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, घट्ट बांगडी घालायची नाही. ताप आला तर कक्षात थेट न येता आधी फोन करणं. मास्क घालून चार तास बसणं आणि त्या वेळात काही न खाणं, कारण खायचं तर मास्क खाली येतो.

यात एक अडचण अशी होती, जिच्याकडे आपलं पुरेसं लक्ष गेलं नाही. त्या काळात घराघरांत प्रतिकारशक्तीची चर्चा होती. दिवसभर गरम पाणी प्या, काढा घ्या, संत्री-मोसंबी खा, नारळपाणी प्या, असा सल्ला टीव्हीवरून, फोनवरून आणि शेजारच्या काकूंकडून मिळत होता. निरोगी माणसाला त्यातलं बरंचसं चालण्यासारखं होतं. आमच्या रुग्णाला तेच घातक होतं. नारळपाणी, संत्री, मोसंबी यांत पोटॅशियम भरपूर आणि रक्तात ते वाढलं की हृदय थांबू शकतं. दिवसभराचं गरम पाणी शेवटी फुप्फुसात उतरतं. प्रकृतीला बरं म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणणाऱ्या घरांना त्यात पोटॅशियम असतं याची कल्पना नव्हती. अशा वेळी सगळं जग एक सांगत असताना ‘हे माझ्यासाठी नाही’ असं घरच्यांना ठामपणे सांगायला माहिती लागते आणि माहितीहून अधिक स्वतःवरचा भरवसा लागतो. सासूने प्रेमाने पुढे केलेला काढ्याचा पेला परत करणं सोपं नसतं. घरातल्या सुनेला तर फारच कठीण.

आता या भरवशाबद्दल बोलते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेची कल्पना मांडली. अमुक एक गोष्ट मला करता येईल, असा माणसाचा विश्वास त्याच्या वागण्याला वळण देतो, हे तिचं सार. बांदुरा 2021 च्या जुलैमध्ये, साथ चालू असतानाच गेले. त्यांच्या मांडणीतला आपल्या कामाचा भाग असा की, हा विश्वास जन्मजात स्वभावातून येत नाही. तो चार वाटांनी घडतो, आणि या चारही वाटा आपल्या डायलिसिस कक्षातून जातात.

पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः करून पाहणं. रुग्ण आत येतो, वजनकाट्यावर उभा राहतो आणि आकडा आपण वाचतो, लिहितोही आपणच. तोच आकडा त्याने वाचला, त्यातून आपलं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, वजा केलं आणि ‘आज अडीच लिटर काढायचं’ असं त्याने आपल्याला सांगितलं, तर पुढच्या वेळी आकडा कमी आल्यावर ते यश त्याचं असतं. स्वीडनमधल्या यॉनशॉपिंग शहरातल्या रुग्णालयात 2005 मध्ये एका रुग्णाने आपलं डायलिसिस आपणच करायला शिकवा, असा आग्रह धरला. परिचारिकेने शिकवलं. पुढे त्याच्या मागून इतर रुग्ण शिकले आणि तिथे रुग्णांनी स्वतः मशीन चालवण्याचा स्वतंत्र कक्ष उभा राहिला. आपल्याला लगेच तिथवर जाता येणार नाही. वजन, बीपी आणि फिस्टुला एवढं तरी रुग्णाच्या ताब्यात आजपासून देता येईल.

दुसरी वाट म्हणजे आपल्यासारख्याला जमताना पाहणं. माझ्या कक्षात एक शेतकरी रुग्ण होते. दिवसाचं पाणी ते सकाळीच एका बाटलीत भरून ठेवत आणि चहा-आमटीचंही त्यातूनच वजा करत. टाळेबंदीत त्यांचं वजन फारसं वाढलं नाही. त्यांच्या शिफ्टमधल्या इतरांनी ती बाटली सुरू केली ती त्यांचं पाहून. आम्ही तेच कितीदा सांगितलं होतं, पण सिस्टरला तहान कळत नाही, शेजारच्या खुर्चीवरच्याला कळते.

तिसरी वाट शब्दांची. इथे आपण स्वतःकडे नीट पाहायला हवं. ‘परत एवढं पाणी प्यायलात?’ हे वाक्य आपल्या कक्षांत रोज ऐकू येतं. ते ऐकून कुणाची तहान कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. रुग्ण खोटं सांगायला शिकतो, एवढंच होतं. ‘मागच्या वेळेपेक्षा तीनशे ग्रॅम कमी आहे, काय केलंत?’ असं विचारलं तर तो उरलेलं सांगतो आणि आपल्यालाही शिकायला मिळतं.

चौथी वाट शरीराच्या खुणांची. धाप, पायात गोळे, छातीत धडधड, हे भीतीनेही होतं आणि पाणी चढल्यानेही. साथीत लागलेली धाप करोनाची की पाण्याची, या शंकेने रुग्ण रात्र-रात्र जागले. कोणती खूण धोक्याची, कोणती थांबून पाहण्याची, हे ज्यांना आधी शिकवलेलं होतं ते वेळेवर फोन करत. बाकीचे एकतर सारखे घाबरत किंवा फार उशिरा येत. खुणा वाचता आल्या की भीती आटोक्यात येते आणि विश्वासाला जागा होते.

इथे एक इशारा द्यायला हवा. रुग्णाच्या आत्मविश्वासाबद्दल बोलता बोलता सगळी जबाबदारी त्याच्याच गळ्यात अडकवण्याचा धोका असतो. तसं करणं अन्याय होईल. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला अर्ध्या-पाऊण लिटरवर दिवस काढा म्हणणं आणि वातानुकूलित घरातल्याला ते सांगणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे आणि 2016 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरीब रुग्णाचा मशीनचा खर्च बराच कमी झाला. गावाहून येण्या-जाण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी त्याच्याच खिशातून जाते. लसीकरणाचंच पाहा. 1 मार्च 2021 पासून सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली, यादीत डायलिसिसचे रुग्ण होते, पण वय किमान 45 हवं होतं. तिशीतल्या डायलिसिसच्या रुग्णाला 1 मेपर्यंत थांबावं लागलं, आणि त्याच दोन महिन्यांत दुसरी लाट महाराष्ट्रावर कोसळली. तिथे त्याचा आत्मविश्वास काय करणार? स्वतःची काळजी घेण्याची ताकद आणि ती घेऊ देणारी व्यवस्था, दोन्ही लागतात. दुसरी नसेल तर पहिलीचं कौतुक करणं म्हणजे रुग्णाला एकटं सोडणं.

साथ ओसरली, पण डायलिसिस चुकवणारी संकटं ओसरलेली नाहीत. साथीच्या आधीच, 2019 च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात रस्ते दिवसेंदिवस पाण्याखाली होते. अमेरिकेत 2005 च्या कॅट्रिना वादळानंतर केलेल्या अभ्यासात डायलिसिसच्या 44 टक्के रुग्णांचं निदान एक सत्र चुकल्याचं आढळलं. त्या धड्यामुळे 2012 मध्ये सँडी वादळ येण्याआधी तिथल्या अनेक रुग्णांना वेळेआधी डायलिसिस देण्यात आलं, आणि ज्यांना ते मिळालं त्यांना तातडीच्या विभागात कमी धावावं लागलं. आपल्याकडेही हवामान खात्याचा इशारा दोन दिवस आधी येतो. तो आल्यावर कोणत्या रुग्णांना वेळेआधी बोलवायचं, याची यादी किती कक्षांत तयार आहे?

म्हणून या परिषदेपुढे मी चार ठराव ठेवते. एक, प्रत्येक सत्रात दहा मिनिटं खुर्चीशेजारी बसून शिकवण्यासाठी राखून ठेवावीत आणि औषधांच्या नोंदीइतकीच त्यांची नोंद फाइलमध्ये व्हावी. दोन, प्रत्येक रुग्णाकडे मराठीत लिहिलेलं कार्ड असावं: ड्राय वेट, औषधं, रक्तगट, फिस्टुलाचा हात, कक्षाचा फोन आणि डायलिसिस चुकलं तर पुढचे तीन दिवस काय खायचं, काय टाळायचं. तीन, ज्या रुग्णांना जमलं आहे त्यांना नव्या रुग्णांचे सोबती म्हणून नेमावं आणि त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च द्यावा. चार, प्रत्येक जिल्ह्यात आपत्तीच्या वेळी कोणत्या कक्षाचा रुग्ण कोणत्या कक्षात जाईल, हे आधीच ठरलेलं आणि रुग्णाला माहीत असलेलं असावं.

यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना ना मोठा निधी लागतो, ना शासनाचा आदेश. आपली इच्छा लागते आणि आपल्या हाताखालच्या मुला-मुलींना शिकवण्यासाठी मोकळा केलेला वेळ लागतो. मनुष्यबळ कमी आहे, हे मला ठाऊक आहे. एका सिस्टरकडे किती मशीन असतात, तेही ठाऊक आहे. म्हणूनच रुग्णसंख्येच्या प्रमाणात परिचारिका आणि तंत्रज्ञांच्या जागा भराव्यात, ही मागणी या परिषदेने शासनाकडे एकमुखाने करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पण जागा भरेपर्यंत थांबू नका. परवा आपापल्या कक्षात परत गेल्यावर सकाळच्या शिफ्टच्या पहिल्या रुग्णाला वजनकाट्यावरचा आकडा स्वतः वाचायला सांगा आणि त्याचा अर्थ त्याला समजेपर्यंत त्याच्याजवळ उभे राहा.