पहिला गुन्हा आणि दोषसिद्धीचे पर्याय : अध्यक्षीय भाषण

पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाला कायदा तीन टप्प्यांवर सवलत देतो: दोष सिद्ध होण्यापूर्वी, दोष सिद्ध झाल्यावर पण शिक्षा सुनावण्याआधी, आणि शिक्षा ठरवताना. दोषसिद्धी मात्र पहिल्याच टप्प्यावर टळते. पुढच्या दोन टप्प्यांवर फार तर तुरुंग टळतो.

वारूळवाडीत बांधावरून वाद झाला, तर नारायणगाव पोलीस ठाण्यात मारहाण, शिवीगाळ, दमदाटीची तक्रार होते आणि प्रकरण जुन्नरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे येते. आंबेगावातील अशी प्रकरणे घोडेगावला जातात. साधी दुखापत, अपमान आणि साधी धमकी हे गुन्हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ नुसार फिर्यादीच्या संमतीने मिटवता येतात. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अशा तडजोडींना गावपातळीवर समितीची बैठक मिळवून दिली. तडजोड न्यायालयाच्या दप्तरी नोंदल्याशिवाय मात्र खटला संपत नाही.

तडजोड न होता दोष सिद्ध झाल्यास परिवीक्षेचा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटकेचा, मार्ग उरतो. मुंबई प्रांताने त्यासाठी १९३८ मध्येच कायदा केला होता. देशव्यापी कायदा १९५८ चा. त्याच्या कलम ३ खाली किरकोळ चोरीसारख्या गुन्ह्यात समज देऊन सोडता येते. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीचा, जास्तीत जास्त तीन वर्षांचा बॉण्ड घेतात. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे कलम लागू नाही. आरोपी २१ वर्षांखालील असेल, तर कलम ६ नुसार परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कैद द्यायची झाल्यास कारणे लिहावी लागतात. अधिकारी घरची परिस्थिती, कामधंदा आणि संगत पाहतो. कलम १२ मुळे दोषसिद्धीला जोडलेली कायदेशीर अपात्रता दूर होते, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षीराम प्रकरणात हे स्पष्ट केले: परिवीक्षेवर सुटलेल्या कर्मचाऱ्याची बडतर्फी केवळ या कलमाने रद्द होत नाही.

तिसरा पर्याय नवा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली. विहिरीवरच्या मोटारीची तीन हजारांची केबल कोणी चोरली, दोष प्रथमच सिद्ध झाला आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर कलम ३०३(२) खाली बिनमोबदला समाजसेवेची शिक्षा होते. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असणे आवश्यक आहे. नाव सेवेचे असले तरी ही शिक्षाच आहे; दोषसिद्धी कायम राहते. हीच चोरी मालकाच्या संमतीने मिटली असती, तर दोषसिद्धीही उरली नसती.

व्यवहारात अनेकदा उलटे घडते. हेलपाटे आणि मजुरीचा खाडा टाळण्यासाठी आरोपी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतो आणि मोकळा झालो असे समजतो. पुढे पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी तीच दोषसिद्धी समोर येते. म्हणून वकिलाने कबुलीपूर्वीच क्रम पाळणे आवश्यक ठरते: आधी तडजोडीची शक्यता पाहणे, पुरावा कच्चा असल्यास खटला लढवणे, दोष सिद्ध झाल्यास परिवीक्षेचा अर्ज करणे, आणि दंड किंवा समाजसेवेचा विचार त्यानंतरच करणे.