रिकामे हात, मंद पावले

श्रोतेहो, कामाविना बसलेल्या माणसाला आपण चटकन् आळशी म्हणून मोकळे होतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची वस्ती आहे. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारी वस्ती बेकार झाली. मारी याहोदा या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांची दिनचर्या टिपली. ते पुस्तक १९३३ साली निघाले. मौज पाहा, वेळ मुबलक, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे निम्म्यावर आले! पुरुष रस्त्यात घुटमळत चालत. बायका मात्र झपझप; चूल काही त्यांना सुटली नव्हती. (पुरुषवर्गाने राग मानू नये.)

म्हणजे पगाराबरोबर माणसाचा दिवसही जातो. उठायची वेळ जाते, चारचौघांत मिसळणे जाते. अशाला नुसती नोकरीची जाहिरात दाखवून काय होणार?

त्याच ठिकाणी २०२० साली एक प्रयोग सुरू झाला. वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी, सक्ती नाही. आधी सुमारे दोन महिने तयारी. बाबा रे, तुला काय जमते, दुखणे कोणते? मग सुतारकाम, बागकाम, जे झेपेल ते, झेपतील तेवढेच तास. पगार रीतसर.

आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच झाला. पण तिथले काम बहुधा कुदळ-फावड्याचे. पाठ दुखावलेल्याने काय करावे? गुरुजी, तुमच्या गावात असा कोणी असेल तर उपदेश करू नका. शाळेची मोडकी बाके दाखवा, सकाळी किती वाजता येतोस ते विचारा. आणि मजुरीचे आधी ठरवा.