दक्षिणा आणि वर्गणी

शिर्डीच्या समाधिमंदिरांत यात्रेकरू हुंडींत पैसे टाकतो आणि हात जोडून बाहेर पडतो. त्या पैशाचा हिशेब त्याला नको असतो. दिलें, तेव्हांच त्याचें समाधान झालें. साईबाबा मिळालेली दक्षिणा त्याच दिवशीं वांटून टाकीत, असें त्यांच्या भक्तांनीं लिहून ठेवलें आहे. देणाऱ्यानें मोजूं नये, घेणाऱ्यानें सांठवूं नये, अशी ही रीत.

श्रोते हो, वाचनालयाची किंवा आपल्या व्यवसायसंघाची वर्गणीहि आपण याच वृत्तीनें भरतों. वसुलीचा माणूस दारांत आला, कीं देऊन मोकळें व्हावें, असें वाटतें. येथेंच चूक होते. दक्षिणेनें पुण्य मिळत असेल. वर्गणीनें हक्क मिळतो.

१८६० चा संस्था-नोंदणीचा कायदा आजहि लागू आहे. वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, तर त्या सभासदाला मत नाहीं आणि सभासदांत त्याची गणनाहि नाहीं, असें तो सांगतो. वर्गणी बुडाली म्हणजे संस्थेचे चार रुपये जातात. आपला मात्र आवाज जातो.

हा हक्क गरिबाच्या आवाक्यांतला हवा. १९२० सालीं नागपूरच्या अधिवेशनांत काँग्रेसनें वार्षिक वर्गणी चार आणे ठरविली, आणि शेतकऱ्याला व मजुराला सभासद होण्याची वाट मोकळी झाली. शिर्डीहून फारसें दूर नसलेल्या लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांचें भांडवल गोळा केलें. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० मध्यें सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें. भाग म्हणजे वर्गणी नव्हे, हें खरें. परंतु सहकारांत भाग कितीहि असोत, सभासदाला मत एकच. पैशापेक्षां सभासदत्व मोठें, हें तत्त्व दोन्हीकडे सारखेंच.

आतां एक धोका सांगतों. पुष्कळ संस्था एकरकमी पैसे घेऊन आजीव सभासद करतात. रक्कम एकदम हातीं येते, पण दरवर्षींचा संबंध तुटतो. पैसे देणारा पुढें सभेलाहि फिरकत नाहीं. एखाद्या धनिकाच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेचें तसेंच होतें: ती त्याचें तोंड पाहते, सभासदांचें नाहीं.

म्हणून वर्गणी देतांना पावती घ्यावी आणि वार्षिक सभेची तारीख विचारून ठेवावी. त्या दिवशीं जाऊन हिशेब वाचावा, आणि पटला नाहीं, तर उभें राहून विचारावें. देवापुढें हिशेब मागूं नये. संस्थेपुढें तो न मागणें हीच कर्तव्याची कसूर होय.